मॅग व्हील पाठीमागून बघून घ्या: कमी पैशांत, गोव्यातल्या रस्त्यांसाठी

रायबंदरच्या धक्क्यावर भरतीच्या वेळी फेरीबोट लागते तेव्हा रॅम्पच्या तोंडाशी मांडवीचं पाणी खेळत असतं. गाडी चढवताना चाकं त्या मचूळ पाण्यातून जातात आणि पाणी रिमच्या आतल्या बाजूला उडून बसतं. मी पलीकडच्या चोडण बेटावरचा, त्यामुळे कामाच्या दिवशी हे दोनदा होतं. माझ्या आधीच्या आय-टेनला घातलेली चकचकीत मॅग व्हील, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची (अलॉय) रिम, या पाण्याने एका वर्षात संपली. वरच्या पारदर्शक थराखाली पांढऱ्या अळ्यांसारख्या रेघा सरकत गेल्या, टायर बसतो त्या कडेवर गंज धरला आणि दर आठ दिवसांनी हवा कमी व्हायला लागली. त्यातच जुलैमध्ये उसगावच्या बाजूला पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक आपटलं आणि आतल्या कडेला तडा गेला.

ती रिम मी भिंतीवर टांगलेली बघून घेतली होती, म्हणजे फक्त तोंड बघून. पाठ बघितली नव्हती, आणि दुकानदारानेही दाखवली नाही. पुढे स्विफ्ट घेतली, तेव्हा रिमसाठी पंचवीस हजारांच्या वर एक रुपया नव्हता. या खेपेला मात्र प्रत्येक रिम उलटी करून बघितली. ज्यांचं बजेट असंच आवळलेलं आहे त्यांच्यासाठी हा सगळा क्रम सांगतो.

आधी आपल्या गाडीचं माप लिहून काढा

दुकानात जाण्याआधी एका कागदावर पाच गोष्टी लिहा: टायरचा साइज, पीसीडी, सेंटर बोअर (रिमचं मधलं भोक), ऑफसेट आणि नटाची चूड (आट्यांचं माप). टायरचा साइज ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. तिथे बहुतेक वेळा त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचा साइजही छापलेला असतो. तो साइज आपल्या फार कामाचा आहे, कारण कंपनीने तो याच गाडीवर तपासलेला असतो.

पीसीडी म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. चार भोकांच्या रिमला समोरासमोरच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर मोजलं की झालं. पाच भोकांना समोरासमोर भोक नसतं, म्हणून शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर मोजून १.७०१ ने गुणायचं. ते अंतर ६७.२ मिलिमीटर आलं तर पीसीडी ११४.३, आणि ५८.८ आलं तर १००.

आपल्याकडे दिसणाऱ्या गाड्यांपैकी स्विफ्ट, बलेनो, आय-ट्वेंटी ४×१०० मध्ये (चार भोकं, पीसीडी १००) येतात. ब्रेझा, क्रेटा, इनोव्हा ५×११४.३, जुनी पोलो ५×१००, फिगो आणि इकोस्पोर्ट ४×१०८. फियाट पुंटो आणि लिनिया ४×९८ आहेत आणि तिथेच फसगत होते. १०० ची रिम ९८ च्या हबवर (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं तो) जोर लावून बसते, बोल्टही आवळले जातात. पण ते बोल्ट भोकात तिरके बसलेले असतात, त्यामुळे चालत्या गाडीत सैल होत जातात. दुकानदार म्हणेल, ‘दोन मिलिमीटरने काय होतंय भाऊ?’ तिथून निघून या.

आठ भोकांच्या रिमही मिळतात, एकाच रिममध्ये दोन पीसीडी. त्या वापरण्यात चूक नाही, पण नटाच्या जागेभोवती धातू कमी उरतो. स्वस्तातल्या स्वस्त रिममध्ये मी तरी ती जोखीम घेत नाही.

साइज वाढवायचा मोह

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात, आणि आपल्या रस्त्यांवर नुकसानही इथेच होतं. हिशेब सोपा आहे. माझ्या स्विफ्टला कंपनीचा टायर १६५/८० आर १४. म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर आणि टायरच्या भिंतीची उंची त्याच्या ८० टक्के, १३२ मिलिमीटर. चौदा इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर, त्यात दोन्ही बाजूंच्या १३२ मिळवल्या की पूर्ण चाक ६१९.६ मिलिमीटरचं.

त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला १८५/६५ आर १५ येतो. त्याचं चाक ६२१.५ मिलिमीटर, जवळजवळ तेवढंच. १९५/५५ आर १६ घातला तर ६२०.९. म्हणजे तिन्ही साइजना स्पीडोमीटर बरोबर राहतो. फरक भिंतीत पडतो: १३२, १२० आणि १०७. खड्ड्यात चाक पडतं तेव्हा रिम आणि दगड यांच्या मधे तेवढंच रबर असतं. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत खड्ड्याची खोली पाण्याखाली लपलेली असते. तेव्हा सोळा इंची रिमवरचे पंचवीस मिलिमीटर कमी रबर म्हणजे वाकलेली कड, कधी फुगलेला टायर. शिवाय सोळाचे टायर महाग असतात, आणि ते दर काही वर्षांनी परत घ्यायचेच असतात.

उलट चूकही तितकीच होते. चौदाच्या रिमवर १७५/६५ आर १४ स्वस्तात मिळतो म्हणून काही जण तो घालतात. तो चाक ५८३ मिलिमीटरवर आणतो. गाडी अठरा मिलिमीटर खाली बसते, गतिरोधकावर पोट घासायला लागतं, आणि स्पीडोमीटर सुमारे सहा टक्के जास्त वेग दाखवतो. पूर्ण चाकाचा व्यास मूळच्या तीन टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे, ही मर्यादा पक्की धरा.

माझं मत स्पष्ट आहे: बजेट कमी असेल तर मूळ साइज ठेवा, फार तर आपल्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचा साइज घ्या.

रुंदी आणि ऑफसेट

रिमच्या पाठीवर १५×५.५ जे, ईटी ४० असं काहीतरी कोरलेलं असतं. ५.५ ही रुंदी इंचांत, ‘जे’ ही कडेच्या आकाराची खूण. बाजारात चौदाच्या बऱ्याच रिम सहा इंच रुंद असतात, कारण त्या भरदार दिसतात. पण १६५/८० चा टायर साडेपाच इंचांपर्यंतच्या रिमसाठी असतो. सहावर चढवला की भिंती बाहेरच्या बाजूला ताणल्या जातात आणि रिमची कड उघडी पडते. त्यामुळे जुनेच टायर नव्या रिमवर घालून पैसे वाचवायचे असतील तर ‘साडेपाच जे आहे का?’ हे आधी विचारा. १८५/६५ आर १५ ला पाच ते साडेसहा चालतं.

ईटी म्हणजे ऑफसेट: रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे ते. आकडा जितका लहान, तितकं चाक बाहेर निघतं. समजा, जुनी रिम ५ जे, ईटी ४५ आणि नवी ६ जे, ईटी ३८. पाच इंचांचे १२७ मिलिमीटर, निम्मे ६३.५. त्यातून ४५ वजा केले तर हबपासून बाहेर १८.५. नव्या रिमचे निम्मे ७६.२, वजा ३८, उरले ३८.२. म्हणजे चाक जवळजवळ वीस मिलिमीटर बाहेर येणार आणि आतही पावणेसहा मिलिमीटर जाणार. एवढं बाहेर आलं की मागे तिघं बसल्यावर मडगार्डची कड टायरला लागू शकते, बेअरिंगवर ताण वाढतो, आणि पावसात लाल चिखल थेट दरवाजांवर उडतो. हा हिशेब घरी बसून पाच मिनिटांत होतो. मूळ ऑफसेटच्या पाच-सात मिलिमीटरच्या आत राहा.

मधलं भोक

आधीच्या गाडीच्या रिमने मला हा धडा दिला. हायवेवर ऐंशीच्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरायचं, नव्वदला हात बधिर व्हायचे. बॅलन्सिंग तीनदा केलं, अलाइनमेंट दोनदा. प्रत्येक वेळी पैसे गेले, थरथर तशीच. शेवटी फोंड्यातल्या एका वयस्क मेस्त्रींनी चाक काढलं, रिमच्या मधल्या भोकात बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘ही रिम हबवर बसलेलीच नाही हो, नुसती नटांवर लटकते आहे.’

गाडीच्या हबचा मधला गोल उंचवटा ५४.१ मिलिमीटरचा होता आणि रिमचं भोक ७३.१ चं. दुकानात अनेक गाड्यांना एकच रिम विकता यावी म्हणून भोक मोठं ठेवतात आणि मधली जागा हब रिंगने भरायची असते. मला रिंग दिलीच नव्हती. चार रिंगा आल्या आणि थरथर त्या दिवशी थांबली. किंमत म्हणाल तर एका बॅलन्सिंगएवढीही नाही.

स्विफ्ट आणि आय-ट्वेंटीचा हब ५४.१, ब्रेझाचा ६०.१, पोलोचा ५७.१, क्रेटाचा ६७.१. रिमचं भोक हबपेक्षा लहान असेल तर ती रिम आपली नाही. कोणी लेथवर भोक वाढवून देतो म्हणालं तरी नको. मोठं असेल तर नेमक्या मापाची रिंग सौद्यातच मागून घ्या. किनारपट्टीवर मी प्लास्टिकची रिंग पसंत करतो. अ‍ॅल्युमिनियमची रिंग खाऱ्या हवेत लोखंडी हबला अशी चिकटते की पंक्चर काढताना चाक निघता निघत नाही.

आता रिम उलटी करा

पाठीवर चार गोष्टी शोधा. साइज आणि ईटी ओतीव अक्षरांत हवेत, स्टिकरवर नकोत. ‘मॅक्स लोड’ आणि त्यापुढे किलोंचा आकडा हवा. गाडीचं पूर्ण भारासहित वजन मॅन्युअलमध्ये असतं, आणि कोणत्या अ‍ॅक्सलवर किती भार चालतो तेही. जड अ‍ॅक्सलच्या निम्म्याहून रिमचा आकडा जास्त असलाच पाहिजे. तिसरी गोष्ट आयएसआय खूण; मोटारीच्या रिमसाठीचं भारतीय मानक आयएस १६१९२ आहे. चौथी ‘जेडब्ल्यूएल’ ही अक्षरं, म्हणजे जपानी मानक. ती अक्षरं उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर कोरतो. सोबत ‘व्हीआयए’ असेल तर बाहेरून तपासणी झालेली असते. पाठ कोरी, गुळगुळीत, कुठलंही नाव नसलेली असेल तर ती रिम कितीही सुंदर असू दे, त्यावर घरच्यांना बसवू नका.

मग वजन. मॅग व्हील हलकीच असते असं सगळे धरून चालतात. डिचोलीच्या बाजारात काजू घेणारा एक व्यापारी ओळखीचा आहे. बिया तोलायच्या त्याच्या काट्यावर मी तीन रिम ठेवल्या, टायर काढून. माझी जुनी लोखंडी चौदा इंची ६.८ किलो. दुकानातून बघायला आणलेली पंधरा इंची नक्कल ८.४ किलो. वरच्या व्हेरियंटवरून उतरवलेली कंपनीची पंधरा इंची ६.९. म्हणजे नक्कल घेतली असती तर पैसे देऊन प्रत्येक चाकामागे दीड किलो ओझं विकत घेतलं असतं, मायलेज आणि सस्पेन्शन दोन्हींवर. विकत घेण्याआधी वजन करू देत नसतील तर किमान दोन्ही हातांत उचलून जुन्या रिमशी तुलना करा.

खाऱ्या हवेतला रंग

डायमंड कट म्हणजे वरचा रंग लेथवर खरवडून उघडा केलेला चकचकीत धातू आणि त्यावर फक्त पारदर्शक थर. एक खडा लागून थर फुटला की खारं पाणी आत शिरतं आणि ती पांढरी रेघ सुरू होते. ती परत कापून घ्यायला खर्च येतो आणि प्रत्येक वेळी धातू कमी होतो. किनाऱ्यालगत राहणाऱ्याने, फेरीने जाणाऱ्याने पूर्ण रंगवलेली रिम घ्यावी, चंदेरी किंवा गडद राखाडी. खरचटलं तर तेवढ्या जागी रंग लावता येतो. क्रोमचा तर विचारच नको. बारीक जाळीची नक्षीही टाळा, खाणपट्ट्यातली लाल धूळ त्या फटींत बसते आणि निघत नाही. पाच-सहा जाड आऱ्या, बस्स.

पंचवीस हजारांत काय मिळतं

माझ्यासमोर तीन वाटा होत्या. नव्या नावाजलेल्या रिम घेतल्या तर टायरला पैसे उरत नव्हते. नव्या निनावी नकला बजेटमध्ये बसत होत्या, पण पाठ कोरी. तिसरी वाट म्हणजे कंपनीच्याच, पण दुसऱ्याच्या गाडीवरून उतरलेल्या. ज्यांना मोठ्या रिम घालायच्या असतात ते नव्या गाडीच्या मूळ रिम टायरसकट विकून टाकतात. पीसीडी, बोअर, ऑफसेट, भार, सगळं आपल्याच गाडीचं. हब रिंगही लागत नाही. मला पर्वरीतल्या एकाकडून १८५/६५ आर १५ च्या चार रिम टायरसकट साडेसोळा हजारांना मिळाल्या. व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट धरून एकोणीस हजार शंभर झाले.

कमी बजेटवाल्याला मी हीच वाट सांगेन. पण जुनी रिम घेताना घाई करू नका. टायर उतरवलेली असेल तर उत्तम. नसेल तर निदान चाक काढून आतली बाजू ब्रशने धुऊन घ्या, सुकू द्या, आणि मोबाइलची टॉर्च तिरकी धरून आतल्या कडेवरून हळूहळू फिरवा. तडा केसाएवढा बारीक असतो आणि बहुधा आतल्या कडेपासून सुरू होतो, बाहेरून कधीच दिसत नाही. एका जागीच रंगाचा पोत वेगळा दिसला, किंवा घासल्याच्या खुणा दिसल्या, तर तिथे वेल्डिंग झालंय असं समजा. रिमचा धातू ओतल्यावर उष्णता देऊन टणक केलेला असतो. वेल्डिंगने किंवा गॅसवर तापवून बेंड काढल्याने त्या जागचा टणकपणा जातो. आरीवर किंवा नटाच्या भोकाजवळ वेल्ड असेल तर फुकट दिली तरी घेऊ नका. चारही रिम एकसारख्या ताज्या रंगवलेल्या असतील तर का रंगवल्या ते विचारा.

त्यानंतर विकणाऱ्याला सोबत घेऊन टायरच्या दुकानात जा आणि प्रत्येक चाक बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवा. टायरकडे बघू नका, रिमच्या आतल्या कडेकडे बघा. ती डुलत असेल तर रिम वाकडी आहे. मशीन एका चाकाला साठ-सत्तर ग्रॅमच्या वर वजन मागत असेल तरी मी संशय घेतो. मग हवा भरून कडेवर साबणाचं पाणी टाका, बुडबुडे येतात का बघा. एवढ्याला दोनशे-चारशे रुपये जातील. विकणारा यायला तयार नसेल तर सौदा सोडा.

एक गोष्ट गोव्यापुरती. भाड्याने फिरणाऱ्या, काळ्या पाटीच्या गाड्यांच्या रिमही विकायला येतात. अनोळखी रस्त्यावर अनोळखी माणसांनी चालवलेल्या असतात त्या. गाडी कुठली होती हे विचारून घ्या आणि अशा रिमची तपासणी दुप्पट करा.

टायरसकट घेत असाल तर टायरवरची तारीख वाचा. शेवटचे चार आकडे, ‘२३२४’ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसते म्हणून पाच-सहा वर्षांचा कडक झालेला टायर घेऊ नका, पावसात तो रस्ता धरत नाही. बजेटमध्ये रिम आणि टायर यांपैकी एकच बसत असेल तर टायर घ्या. लोखंडी रिम अजून पाच वर्षं चालेल.

बसवताना स्वतः उभे राहा

नट हा शेवटचा टप्पा, पण घोटाळा इथेही होतो. मारुतीची चूड एम १२×१.२५, ह्युंदाई, होंडा, टोयोटाची एम १२×१.५. चुकीचा नट सुरुवातीचे दोन आटे हाताने फिरतो आणि पुढे जड होतो. तिथे मेस्त्रीने पाना लावून जोर केला की स्टड (हबमधून बाहेर आलेला, नट बसतो तो आट्यांचा दांडा) गेला. नट नेहमी आधी हाताने फिरवायला लावा आणि आटे मोजा. १.२५ च्या चुडीला किमान नऊ-दहा, १.५ ला आठ. त्याहून कमी बसत असतील तर रिमची पाठ जाड आहे आणि नट लांब हवेत. नटाचं टोक रिमच्या भोकाशी जुळलं पाहिजे. बाजारातल्या रिमना बहुधा शंकूच्या आकाराचं टोक लागतं; होंडाच्या मूळ नटांचं आणि पोलोच्या बोल्टचं टोक गोलसर असतं, ते तिथे चालत नाहीत.

बसवण्याआधी हब तारेच्या ब्रशने साफ करून घ्या आणि रिम टेकते त्या जागी अँटी-सीझ ग्रीसचा (धातू एकमेकांना चिकटू न देणाऱ्या) पातळ हात द्या. स्टडवर ग्रीस नको, नट प्रमाणाबाहेर आवळले जातात. नट समोरासमोर, टप्प्याटप्प्याने आवळायचे आणि शेवटचा झटका टॉर्क रेंचने (ठरावीक जोरावर आवळणाऱ्या पान्याने), मॅन्युअलमधल्या आकड्यावर. हवेच्या गनने ‘टर्रर्र’ करून सोडून देत असतील तर थांबवा. मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, मागे तीन माणसं बसवून, टायर कुठे घासत नाही ना ते बघा. शंभरेक किलोमीटर झाल्यावर नट परत तपासा.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करण्यावर बंधन आहे. त्यामुळे कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या साइजमध्ये राहणं आणि चाक मडगार्डच्या बाहेर येऊ न देणं शहाणपणाचं. बाजारातल्या रिम असतील तर विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर अपघातात त्यांचे पैसे धरले जात नाहीत.

फेरीने ये-जा करत असाल तर आठवड्यातून एकदा नळाच्या साध्या पाण्याने रिमची आतली बाजू धुवा, चाक अर्धं फिरवून परत एकदा.

स्टेपनी लोखंडीच ठेवा. मात्र नव्या रिमचे नट लोखंडी रिमला बसतात का ते आजच, घराच्या अंगणात बघा. बसत नसतील तर जुन्या नटांपैकी एका चाकाचे नट सुती पिशवीत बांधून स्टेपनीच्या खाचेत ठेवा, आणि चोरीपासून वाचवणारा कुलपी नट लावला असेल तर त्याची किल्लीही त्याच पिशवीत. बाकीच्या लोखंडी रिम पुसून, तेलाचा हात फिरवून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना त्या परत चढतील आणि मॅग व्हीलचे पैसे वेगळे मिळतील.